रंगाऱ्याचा मुलगा

माझं नाव 'प' वरून सुरू होतं. ज्यांची जीभ सरळ चालते त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. तोतऱ्या माणसाला विचारा. 'प' म्हणजे ओठ मिटले की मिटलेच. आतून हवा धडका देते आणि दार उघडत नाही. शाळेत हजेरीच्या वेळी मी सुटायचो, कारण 'हजर' म्हणताना सुरुवातीला ओठ मिटावे लागत नाहीत. पण नवे मास्तर आले आणि "नाव सांग" म्हणाले की घशाला कोरड पडायची. पोरं हसायची. मास्तर, देव त्यांचं भलं करो, कधीकधी पोरांच्या आधी हसायचे.

हे सगळं आधी सांगतोय, कारण आल्फ्रेड केझिन या अमेरिकन समीक्षकाची आणि माझी ओळख समीक्षेतून झालीच नाही. ती एका आरशातून झाली. बँकेतल्या नोकरीच्या दिवसांत संध्याकाळी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळत उभं राहायचं आणि मग व्हीटीला जाऊन गाडी पकडायची, असा माझा शिरस्ता होता. एका संध्याकाळी 'अ वॉकर इन द सिटी' नावाचं पाठ निखळलेलं पुस्तक हाती आलं. लेखक कोण, काय, काही ठाऊक नव्हतं. मधलंच पान उघडलं. वाणी सुधारण्याच्या वर्गात मुलं गोल करून बसली आहेत, लेखक ओठांसमोर आरसा धरून अवघड उच्चार पुन्हा पुन्हा घोळवतो आहे. शेजारी कोणी बोबडा, कोणाचा टाळू दुभंगलेला, आणि कोणी केवळ परदेशी हेल काढून बोलणारा.

या शेवटच्या मुलापाशी मी थांबलो. त्याच्या जिभेत काहीच बिघाड नव्हता. तो आईबापासारखं बोलत होता, एवढंच. पण शाळेच्या लेखी तोही रोगच, आणि त्याच्यावरही तोच आरशाचा इलाज.

पुस्तक तीस रुपयांना पडलं. घासाघीस केली नाही. करायला बोलावं लागतं.

केझिनचा जन्म ५ जून १९१५ चा, ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातला. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबांची ती दाटीची वस्ती. घरात, दुकानात, सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली; शाळेत इंग्रजी. ब्रुकलिन १८९८ पासून न्यूयॉर्क शहराचाच भाग, पण या लोकांच्या मनातलं 'शहर' म्हणजे नदीपलीकडचं मॅनहॅटन. आपण शहरात आहोत आणि शहर आपल्यात नाही, हे त्या मुलाच्या मनात फार लवकर बसलं. 'पलीकडे' हा शब्द त्याच्या पुस्तकात देवाच्या नावासारखा येत राहतो.

वडील रंगारी. म्हणजे चित्रकार नव्हे, घरं रंगवणारे. मिन्स्कहून आलेले, आईबापाविना वाढलेले, अबोल. संध्याकाळी ते परतायचे तेव्हा कपड्यांना टर्पेंटाइनचा वास आणि कोटाच्या खिशात घडी घातलेला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'. १९२९ नंतरच्या महामंदीच्या वर्षांत मात्र हातात ब्रश घेऊन पिटकिन अव्हेन्यूवर कामाची वाट बघत उभं राहायची पाळी आली. आपल्याकडे ज्याला नाका म्हणतात, तसलाच प्रकार. कोणी येईल, बोट दाखवील, म्हणेल "तू चल".

या अबोल बापाकडे एकच गोष्ट होती आणि मुलगा ती पुन्हा पुन्हा मागायचा. लग्नाआधी बाप एकदा पश्चिमेकडे गेला होता. ओमाहाला, युनियन पॅसिफिक रेल्वेचे मालडबे रंगवायला. त्या मुलुखात, कोलोरॅडोत, त्याला स्वतःची जमीन मिळण्याची संधी आली होती. कसायची, घर बांधायचं, मालक व्हायचं. बापाने नको म्हटलं आणि न्यूयॉर्कला परत आला. का? तर आपल्याला शेती कुठे येते, आणि तिथे ओळखीचं कोण होतं, एकट्याने करमलं नसतं. केझिन लिहितो की ओमाहाइतका सुंदर शब्द त्याने ऐकला नव्हता आणि ती जमीन सोडल्याबद्दल तो बापाला कधीच माफ करू शकला नाही.

हे वाचताना मला बापाचीच बाजू पटत होती. एकटेपणाला भिऊन दाटीत परत येणं यात लाज वाटण्यासारखं काय आहे? पण मुलाला बाप भित्रा वाटतो तेव्हा वाद घालून उपयोग नसतो. मुलगा मोठा होऊन ती जमीन कुठल्या तरी दुसऱ्या नावाने घेतो. केझिनने ती पुस्तकांत घेतली.

आईबद्दलचं प्रकरण स्वयंपाकघराबद्दल आहे, किंवा उलट म्हणा. ती घरी कपडे शिवायची. खिडकीशी सिंगरचं मशीन, आणि माप द्यायला, कपडा अंगावर घालून बघायला आलेल्या शेजारणी त्याच खोलीत. जेवण तिथे, अभ्यास तिथे, भांडण तिथे, आणि कडाक्याच्या थंडीत मुलाची झोपही तिथेच: चुलीपुढे तीन खुर्च्या एकीला एक लावून त्यावर अंथरूण. मशीनचा आवाज चालू असताना घर जिवंत आहे, थांबला की काहीतरी बिनसलंय. सोफी नावाची एक नात्यातली बाई त्यांच्याकडे राहायची, तीही शिवणकाम करणारी, अविवाहित. शुक्रवारी रात्री तिच्या मैत्रिणी जमायच्या, कारखान्यांतल्या शिवणकामगार बायका. युनियन, समाजवाद, पुस्तकं, मायदेशाच्या आठवणी असं सगळं बोलणं चाले. साहित्यावर तावातावाने बोलणारी माणसं केझिनने पहिल्यांदा पाहिली ती या बायका. विद्यापीठ नंतर आलं.

तेही फुकटचं. सिटी कॉलेजला फी नव्हती, म्हणून ब्राउन्सव्हिलची हुशार पोरं तिथे जायची. केझिन १९३५ मध्ये पदवीधर झाला. त्याला ते कॉलेज फारसं आवडलं नव्हतं. पदवीचं कौतुक करायची ती वेळही नव्हती. पदवीधर रिकामे फिरत होते.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हा माणूस मित्रांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. १९३४ चा उन्हाळा. एकोणीस वर्षांचा केझिन भुयारी गाडीत 'न्यूयॉर्क टाइम्स'मधलं पुस्तकपरीक्षण वाचतोय. लिहिणारे जॉन चेंबरलेन, त्या काळचे नामांकित. विषय तरुण पिढीचा. वाचता वाचता पोराचं डोकं फिरलं. टाइम्स स्क्वेअर आलं तसा तो उतरला, सरळ वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला आणि चेंबरलेनसमोर उभा राहून त्यांना सांगितलं की तुमचं चुकलंय.

लोक यावर विचारतात, तोतरा माणूस असं कसं करेल? तोतऱ्यालाच ते जमतं. मी शपथेवर सांगतो, राग आला की माझी जीभ कधी अडलेली नाही. गाताना अडत नाही, शिव्या देताना अडत नाही. 'मी कोण' हे सांगायचं असतं तेव्हाच काय ती अडते.

चेंबरलेन मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी पोराला हाकललं नाही. वाद ऐकला आणि 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकाच्या माल्कम काउली यांच्या नावे एक चिठ्ठी लिहून दिली. काउलींच्या दाराबाहेर एक बाक होता. परीक्षणाला पुस्तक मिळेल या आशेने होतकरू मंडळी त्यावर बसलेली असत. सगळ्यांना काम देणं शक्य नसे. मग ज्याला काम मिळालं नाही त्याला काउली एखाद-दोन नको असलेली पुस्तकं देत. ती विकायची आणि जेवायचं. केझिनला काम मिळालं.

मीही वीसेक वर्षं परीक्षणं लिहितोय. मानधन म्हणून बहुतेकदा पुस्तकच मिळतं. विकून जेवायची वेळ आली नाही, ही बँकेची कृपा. एरवी आपल्याकडे समीक्षक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोणी तरी चष्म्याआडून लग्नातलं जेवण नासवणारा नातेवाईक येतो. पोटासाठी वाचणारा माणूस, आठवड्याला चार पुस्तकांचा फडशा पाडून शब्दांच्या मापाने पैसे घेणारा माणूस, ही कल्पनाच आपल्याला फारशी नाही. केझिन आधी तो होता. प्राध्यापक फार नंतर झाला.

ज्येष्ठ समीक्षक कार्ल व्हॅन डोरन यांनी त्याला सुचवलं की आधुनिक अमेरिकन गद्याचा इतिहास लिही. वय तेविसाच्या आसपास. खिशात काही नाही. घरात दाटी. तो उठला आणि बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसला. जवळजवळ पाच वर्षं.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची ती इमारत १९११ ची. दारात दोन संगमरवरी सिंह. तिसऱ्या मजल्यावर खोली क्रमांक ३१५, मुख्य वाचनकक्ष: लांबी २९७ फूट, छत ५२ फुटांवर, ओकची लांबलचक टेबलं, पितळी दिवे. पुस्तक मागायचं तर चिठ्ठी लिहायची. ती चिठ्ठी हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून खाली जायची, जिथे सात मजले भरून पुस्तकांची कपाटं होती. मग पुस्तक वर यायचं आणि फलकावर तुमचा आकडा पेटायचा. सभासदत्व नाही, वर्गणी नाही, ओळखपाळख नाही. मंदीच्या दिवसांत तिथे ऊब घ्यायला येणारे होते, स्वतःशी बोलणारे होते, जगाचं कोडं सोडवल्याच्या खात्रीने वह्या भरणारे होते. केझिन त्या सगळ्यांबद्दल मायेने लिहितो. सोबत मित्र रिचर्ड हॉफस्टॅडर असायचा. पुढे हा अमेरिकेचा मोठा इतिहासकार झाला, दोनदा पुलित्झर मिळवलं. तेव्हा तोही धडपडणाराच. नाणं टाकलं की काचेच्या खणातून सँडविच मिळणाऱ्या उपाहारगृहात दोघं जेवायचे, जवळच टेबल टेनिसचा डाव टाकायचे आणि परत टेबलावर.

त्या खोलीचं वर्णन करताना केझिनने एक उपमा वापरली आहे. सकाळी खोली रिकामी असते, उंच खिडक्यांतून ऊन येतं आणि सोनेरी टेबलांवर असं तळपतं, जणू ती नुकतीच रंगवली आहेत.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे गेलो. दुसऱ्यांदा वाचताना हातातला चहा खाली ठेवला. ताज्या रंगाची उपमा! प्रकाश म्हटल्यावर लिहिणाऱ्याला काय काय आठवतं: सोनं, मध, तूप, देऊळ. या माणसाला ओला रंग आठवला. ब्राउन्सव्हिलपासून तो पळाला खरा, पण जगातल्या सगळ्यात सुंदर खोलीत बसल्यावर त्याच्या डोळ्यांनी बापाचं काम पाहिलं. त्याला हे कळलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. मला वाटतं नसावं, कारण कळलं असतं तर त्याने त्यावर दोन पानं लिहिली असती.

पुस्तक १९४२ मध्ये आलं. 'ऑन नेटिव्ह ग्राउंड्स'. पाचशेहून अधिक पानं, लेखकाचं वय सत्तावीस.

नावातल्या 'नेटिव्ह' शब्दावर मराठी वाचक अडखळणारच. आपल्या कानाला हा शब्द गोऱ्या साहेबाच्या तोंडचा आहे. नेटिव्ह म्हणजे आपण, बाहेरच्या ओट्यावर थांबायचं ते. न्यूयॉर्कमध्ये तो उलटा पडतो. तिथे नेटिव्ह म्हणजे मूळचे, घरचे. आणि गंमत बघा, अमेरिकन साहित्यातल्या या घरच्या मंडळींना चक्क ब्राह्मण म्हणतात. बॉस्टनच्या जुन्या, कुलीन, शिकलेल्या घराण्यांना 'ब्राह्मण' हे नाव १८६० मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या त्यांच्यातल्याच लेखकाने दिलं. साहित्य हा त्यांचा वारसा. विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांत ज्यू माणसाला दार अर्धंच उघडत असे. कोलंबिया विद्यापीठात लायनेल ट्रिलिंग या ज्यू समीक्षकाला १९३९ मध्ये साहाय्यक प्राध्यापक केलं तर ती बातमी झाली. अशा वेळी यिडिश बोलणाऱ्या रंगाऱ्याचा पोरगा देशाच्या साहित्याचा ताळेबंद मांडतो आणि वर पाटी लावतो, 'आपल्याच मातीवर'. हा नुसता मथळा नाही. हा सातबाऱ्यावर चढवलेला हक्क आहे. बापाने कोलोरॅडोत सोडला तो.

ग्रंथाची सुरुवात कादंबरीकार विल्यम डीन हॉवेल्सपासून होते. हॉवेल्स बॉस्टनचं प्रतिष्ठित जग सोडून गजबजलेल्या न्यूयॉर्कला येतात, तिथून. मग ड्रायझर, सिंक्लेअर लुइस, हेमिंग्वे, फॉकनर करत १९४० पर्यंत. केझिनचं म्हणणं असं की हे आधुनिक साहित्य काही पॅरिसहून आयात झालेलं नाही. कारखाने, रेल्वे, वाढती शहरं यांनी देश उलथापालथा झाला, त्या धक्क्यातून ते आलं. आणि त्याचं मर्म एका विसंगतीत आहे: हे लेखक आपल्या देशाचा कण न् कण निरखतात, त्यात बुडून जातात, आणि तरी त्याच देशात परके असतात.

परकेपण आणि बारकाई. हे निदान कुणी करावं? ज्याने आईच्या स्वयंपाकघरातून सगळा देश खिडकीवाटे पाहिला त्यानेच. केझिनने अमेरिकन लेखकांत स्वतःलाच पाहिलं, असा आक्षेप यावर घेता येईल. घ्यावाच. फॉकनरवर त्याने तेव्हा जे लिहिलं ते मला आखूड वाटतं. पुढे त्यालाही ते मत बदलावं लागलं. पण दोन बाजूंनी जे दडपण येत होतं ते त्याने झुगारलं, हे मोठं. एकीकडे साहित्याला वर्गलढ्याच्या तागडीत तोलणारे मार्क्सवादी, दुसरीकडे कवितेचा इतिहास-भूगोल कापून टाकून तिला काचेखाली ठेवणारे नवसमीक्षक. त्याने दोघांनाही त्याच ग्रंथात फटकारलं. त्याला माणूस हवा होता. कुठल्या खोलीत बसून, कुठल्या भाड्याच्या चिंतेत, कुणावर चिडून लिहितोय तो माणूस.

ग्रंथ गाजला. 'न्यू रिपब्लिक'च्या दाराबाहेरच्या बाकावर बसणारा आता आत, साहित्य-संपादकाच्या खुर्चीत बसला.

तेव्हाच युरोपात नाझी ज्यूंचं काय करत होते हे आपण जाणतो. पोलंडमधल्या ज्यू समाजवाद्यांचे प्रतिनिधी श्मुएल झिगेलबॉइम लंडनमध्ये होते. जगाला जागं करायचे सगळे प्रयत्न फसल्यावर मे १९४३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे पत्र ठेवलं की जगाच्या निष्क्रियतेचा हा निषेध. जानेवारी १९४४ मध्ये केझिनने त्या पत्रावर 'न्यू रिपब्लिक'मध्ये लेख लिहिला. त्याचा रोख मारेकऱ्यांवर होता तितकाच आपल्या बाजूच्या, पुरोगामी, सभ्य, बातमी वाचून पान उलटणाऱ्यांवर. न्यूयॉर्कच्या बुद्धिवंतांपैकी फार थोडे तेव्हा या विषयावर इतक्या उघडपणे बोलले. त्याची दहा पुस्तकं नाहीशी झाली तरी चालतील, हा लेख राहावा असं मला वाटतं.

युद्धानंतर तो ब्रुकलिन हाइट्समध्ये, पाइनअ‍ॅपल स्ट्रीटवर राहायला आला. ब्रुकलिन ब्रिज चालण्याच्या अंतरावर. हा पूल म्हणजे त्याचं वेड. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँबरोबर तो त्यावरून भटकला, त्यावर लिहिलं. शहरावर पुस्तक लिहायचं मनात होतं. लिहिताना पाय ब्राउन्सव्हिलकडेच वळायला लागले. शेवटच्या स्टेशनावर उतरायचं, त्या गल्ल्यांतून चालायचं, आणि जे जे नकोसं म्हणून सोडलं होतं ते ओंजळीत घ्यायचं. १९५१ मध्ये 'अ वॉकर इन द सिटी' आलं. त्यात समीक्षा नाही, निष्कर्ष नाही, लोणच्याच्या पिंपांचा आणि ओल्या जिन्यांचा वास आहे. माझ्या मते त्याचं हेच सर्वांत मोठं समीक्षालेखन. एकच संहिता, आपलं लहानपण, त्याने इतक्या बारकाईने वाचली.

पुढच्या दोन आठवणींच्या पुस्तकांबद्दल मी एवढा हळवा नाही. १९६५ चं 'स्टार्टिंग आउट इन द थर्टीज' झकास आहे, चेंबरलेन आणि काउली त्यातलेच. १९७८ चं 'न्यूयॉर्क ज्यू' मात्र हिशेब चुकते करायला बसलेल्या माणसाचं वाटतं. ट्रिलिंगशी त्याचं कधी जमलं नाही. ट्रिलिंगची घोटीव अदब, ज्यू असण्याचा मागमूसही आवाजात न ठेवणं त्याला खुपायचं. मला यात आरशाचा तो वर्ग दिसतो. एकाने उच्चार पार निर्दोष करून घेतले, दुसऱ्याला ते जमलं नाही, आणि ज्याला जमलं नाही त्याने जन्मभर पहिल्यावर संशय घेतला.

सत्तेपुढेही त्याची जीभ मऊ झाली नाही. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी त्याला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं. त्याच वर्षी त्याने लेख लिहिला की या गृहस्थांना बुद्धिवंत आवडतात, पण त्यांच्या स्वतःच्या विचारात म्हणावी तशी खोली दिसत नाही. ऐंशीच्या दशकात त्याच्या पिढीतले काही जुने समाजवादी उजव्या अध्यक्ष रेगनच्या पंक्तीला जाऊन बसले तेव्हा त्यांच्यावरही तो तुटून पडला. खाल्ल्या मिठाला जागणं हा गुण समीक्षकात नसला तर बरं.

आता न आवडणारी गोष्ट. केझिनची चार लग्नं झाली. तिसरी पत्नी, कादंबरीकार अ‍ॅन बर्स्टीन, हिने २००३ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात नवऱ्याचे राग आहेत, हात उगारणंही आहे. ते वाचल्यावर मी काही महिने 'वॉकर' उघडलं नाही. ज्या माणसाला आईच्या मशीनच्या आवाजातला थकवा ऐकू यायचा, त्याला स्वतःच्या घरातला आवाज ऐकू येऊ नये? राग आला की जीभ मोकळी होते, असं वर मी मोठ्या ऐटीत लिहिलंय. जिभेबरोबर आणखी काय काय मोकळं होतं हे लिहायचं राहिलं होतं. ते वाक्य मी आता खोडत नाही, पण ते मला टोचतंय, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्याची रोजनिशी वाचली की तो स्वतःही फार सुखात नव्हता हे कळतं. १९३३ पासून अखेरपर्यंत त्याने ती लिहिली, हजारो पानं. रिचर्ड कुक यांनी संपादित केलेला त्यातला निवडक भाग २०११ मध्ये निघाला. आकांत, हेवा, वासना, देवाशी भांडण, कोण पुढे गेलं, कोणी आपल्याला बोलावलं नाही. छापील लेखांतला केझिन खणखणीत. रोजनिशीतला पुन्हा गोल करून बसलेल्या मुलांत, हातात आरसा.

५ जून १९९८ रोजी, त्र्याऐंशीव्या वाढदिवशी, मॅनहॅटनमधल्या आपल्या घरी तो गेला. शेवटचं पुस्तक, अमेरिकन लेखक आणि देव या विषयावरचं, आदल्याच वर्षी आलेलं.

माझी मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. मागच्या खेपेला गेलो तेव्हा सगळे स्वातंत्र्यदेवतेच्या बोटीत बसायला निघाले, मी म्हटलं मला बेचाळिसाव्या रस्त्यावर सोडा. तिला वाटलं बाबांना ग्रंथालय बघायचंय. मलाही तेच वाटत होतं. आत गेल्यावर कळलं की मी कुणाला तरी भेटायला आलोय.

केझिनची रोजनिशी आणि कागद याच इमारतीत आहेत. हस्तलिखितांच्या बर्ग संग्रहात, तिसऱ्याच मजल्यावर, खोली क्रमांक ३२०. ज्या ३१५ मध्ये तो पुस्तकांच्या चिठ्ठ्या भरायचा तिथून काही पावलांवर आता त्याच्यासाठी चिठ्ठी भरावी लागते. आधी अर्ज, मग वेळ ठरवून. मी यातलं काहीच केलेलं नव्हतं. टेबलामागच्या बाईंनी नम्रपणे नाव विचारलं. ओठ मिटले. मिटलेच. बाई थांबल्या. त्यांनी शब्द पुरवला नाही, मान हलवून घाई केली नाही, नजर वळवली नाही. पुरते सात-आठ सेकंद. नाव बाहेर पडलं तेव्हा त्यांनी ते बरोबर लिहिलं, आणि मग सांगितलं की आज काही होणार नाही.

मी वाचनकक्षात जाऊन बसलो. नळ्यांतून जाणाऱ्या चिठ्ठ्या आता नाहीत. २०१६ पासून छोट्या लाल डब्यांची एक गाडी रुळांवरून पुस्तकं वर आणते. छताचं नक्षीचं एक फूल मध्यंतरी रात्रीचं निखळून पडलं होतं, म्हणून खोली दोनेक वर्षं बंद होती. समोर एक म्हातारा वर्तमानपत्रावर डोकं टेकून झोपला होता. ढग सरले आणि ऊन टेबलावर आलं.

मुलगी न्यायला आली तेव्हा मी तळहात उलटा करून बघत होतो.

"बाबा, काय बघताय?"

"रंग," मी म्हणालो. 'र' मला कधीच अडवत नाही.